कोसा, 'कोसला' आणि गावी परत आलेला मुलगा

थोडं लांब लिहितोय. ज्यांचा कादंबऱ्यांशी संबंध नाही त्यांनीही वेळ काढून वाचावं, कारण विषय शेवटी आपल्या घरातल्या मुलांवर येतो.

भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'बद्दल मी आजवर ज्या ज्या वाचकाशी बोललो, त्यांचे सरळ दोन गट पडतात. एक गट म्हणतो, "हे माझ्यावरच लिहिलंय." दुसरा म्हणतो, "पन्नास पानं वाचली, ठेवून दिलं. यात आहे काय?" मधला गट जवळजवळ नाहीच. पुस्तक आलं 1963 साली. 60 वर्षं उलटून गेली, लेखकाला ज्ञानपीठ मिळालं, कादंबरी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात गेली, आणि भांडण मात्र जिथल्या तिथे आहे. बाबा भांड यांनी 'कोसलाबद्दल' नावाचं अख्खं पुस्तक संपादित केलं, यावरून समजा किती शाई या एका कादंबरीवर खर्च झाली असेल.

या भांडणाचा इतिहास मी इथे मांडणार आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे भांडण कादंबरीचं दिसतं, पण आहे ते शिक्षणाचं. पोरगं शिकायला पाठवलं म्हणजे त्यानं काय होऊन परत यावं, या प्रश्नाचं. आणि या प्रश्नाशी आपल्या भंडारा जिल्ह्याचा संबंध पुण्याइतकाच आहे.

आधी नावाबद्दल. 'कोसला' म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोष. सुधाकर मराठे यांनी कादंबरी इंग्रजीत नेली तेव्हा नाव ठेवलं 'ककून'. पुण्यामुंबईच्या वाचकाला हा शब्द समजून घ्यावा लागतो, आपल्याला नाही. आपल्याकडे कोसा हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. जंगलातल्या ऐनाच्या नि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या सोडायच्या, पाखरांपासून आणि मुंग्यांपासून राखण करायची, आणि कोसे तयार झाले की उतरवायचे, हे काम आपल्या भागातल्या ढिवर कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केलंय. मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी ओळखलं जातं. करवतकाठी साडी नेसलेली आजी बऱ्याच घरांत असेल.

कोशाचं एक गणित आहे. लांब, अखंड धागा हवा असेल तर किडा आत असतानाच कोसा उकळावा लागतो. किडा मरतो, धागा मिळतो. किड्याला पाखरू होऊन बाहेर येऊ दिलं तर तो कोसा भोकाचा होतो. त्यातून अखंड धागा निघत नाही, मग तो कातून जाडंभरडं सूत काढायचं. पण सगळेच कोसे उकळून चालत नाही. काही बियाण्याचे म्हणून बाजूला ठेवावे लागतात. त्यांतून पाखरं निघतात, अंडी घालतात, तेव्हा पुढचं पीक येतं. हे गणित लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता 1963 चा काळ. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. जिल्हा परिषदा 1962 च्या 1 मे ला सुरू झाल्या होत्या. आपला भंडारा तर 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. कागदोपत्री पुण्यामुंबईशी आपलं एक राज्य होऊन सातच वर्षं झाली होती. गोंदिया तेव्हा आपल्याच जिल्ह्यात, ते वेगळं झालं 1999 मध्ये.

याच काळात खेड्यातली मुलं पहिल्यांदा मोठ्या संख्येनं कॉलेजात जाऊ लागली. 1959 मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं ज्यांचं वार्षिक उत्पन्न 900 रुपयांपेक्षा कमी आहे अशा घरांतल्या मुलांची फी माफ केली. तीच ती ई.बी.सी. सवलत, जिचं नाव आपल्या आधीच्या पिढीतला शिकलेला प्रत्येक माणूस आजही आदरानं घेतो. 1960 मध्ये राज्यानं नवबौद्धांना सवलती लागू केल्या. मराठवाड्याला 1958 मध्ये स्वतःचं विद्यापीठ मिळालं. आपल्याकडे नागपूर विद्यापीठ 1923 पासून होतं, पण नागपूरला राहून शिकणं किती घरांना परवडत होतं? 1958 मध्ये मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली, आणि साठच्या दशकात भंडारा शहरातल्या पोरांना घरचा डबा खाऊन पदवीपर्यंत जाता येईल अशी सोय झाली. शेतकऱ्याच्या घरात पहिल्यांदाच 'कॉलेजातला पोरगा' नावाचा प्राणी दिसू लागला. त्याच्याशी कसं वागायचं हे घरच्यांना ठाऊक नव्हतं, आणि आपलं पुढे काय करायचं हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

या पोराची कादंबरी मराठीत तोवर नव्हती. लोक वाचत होते खांडेकरांची 'ययाति' (1959), रणजित देसाईंची 'स्वामी' (1962). एक पुराणातला राजा, एक पेशवा. दोन्ही पुस्तकं आजही खपतात आणि त्यांचं वाचकप्रेम खोटं नाही. पण ई.बी.सी.चा फॉर्म भरणाऱ्या पोराला आरशात आपलंच तोंड दिसावं असं त्यांत काही नव्हतं.

अशा वेळी खानदेशातल्या सांगवीचा, फर्ग्युसनमध्ये शिकलेला 25 वर्षांचा तरुण पुस्तक घेऊन आला. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं ते छापलं. नायकाचं नाव पांडुरंग सांगवीकर, वय लेखकाइतकंच, 25. गोष्ट म्हटली तर चार ओळींची. खात्यापित्या शेतकऱ्याचा मुलगा पुण्याला शिकायला जातो. हॉस्टेलात राहतो, गॅदरिंग, मेस, वक्तृत्व मंडळ यांत पुढे पुढे करतो, पैसा उधळतो, कर्जात पडतो, अभ्यासाचं वाटोळं होतं. धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते. त्याचा सगळ्यावरचा विश्वास उडतो. शेवटी पदवी न घेता तो गावी परत येतो. बस. लग्न नाही, नोकरी नाही, कुणाचा विजय नाही. मधे एक भाग डायरीचा, एकीकडे अजिंठ्याची लेणी, एकीकडे जुन्या इतिहासलेखनाची टिंगल. आणि सगळीकडे 'उदाहरणार्थ' नि 'वगैरे'. हे दोन शब्द इतके गाजले की एक पिढीच्या पिढी कँटीनमध्ये तसं बोलायला लागली.

वाचक फाटले ते पहिल्या दिवसापासून. पु. ल. देशपांड्यांसारख्या सगळ्यांच्या लाडक्या लेखकानं मनापासून कौतुक केलं. दुसरीकडे अनेकांना ही कादंबरीच वाटेना. गेल्या 60 वर्षांतले आक्षेप एकत्र केले तर मुख्य चार निघतात. प्रत्येकात तथ्य आहे, म्हणून एकेक घेतो.

पहिला आक्षेप भाषेचा आणि बांधणीचा. कथानक नाही, नुसती बडबड आहे. आमच्याकडे एका वाचनालयातल्या बैठकीत एक निवृत्त शिक्षक म्हणाले होते, "असं तर आमचे पोट्टे पानठेल्यावर बोलतात. ते काहून छापाचं?" सरांनी रागानं म्हटलं, पण माझ्या मते कादंबरीचं सगळ्यात मोठं काम त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं. पानठेल्यावरचं बोलणं छापण्यालायक असतं का, हाच तर तेव्हाचा वाद होता. आपल्या भागानं या प्रश्नाचा त्रास भरपूर भोगलाय. शाळेत 'पानी' म्हटलं की वर्ग हसायचा आणि गुरुजी 'पाणी' म्हणायला लावायचे. दंडार बघायला सगळं गाव रात्रभर जागायचं, पण त्यातली भाषा वहीत लिहिली तर लाल रेघ. पुढे डॉ. हरिश्चंद्र बोरकर आणि साकोलीच्या झाडीबोली साहित्य मंडळानं ही आपलीच बोली आहे, हिला व्याकरण आहे, हिच्यात पुस्तकं होऊ शकतात, हे ठासून सांगितलं. 'कोसला' झाडीबोलीत नाही, खानदेशी बोलीतही नाही. ती कॉलेजातल्या पोराच्या बोलण्यात आहे. पण बोलतो तसं लिहिण्याची लाज वाटायला नको, ही हिंमत अनेकांना तिच्यातून मिळाली. या आक्षेपावर माझं मत सरांच्या विरुद्ध आहे.

दुसरा आक्षेप नकलेचा. अमेरिकेत 1951 मध्ये जे. डी. सॅलिंजरची 'द कॅचर इन द राय' आली. होल्डन कॉलफील्ड नावाचा 16 वर्षांचा मुलगा, शाळेतून काढून टाकलेला, ख्रिसमसच्या आधी न्यूयॉर्कमध्ये दोनतीन दिवस भटकतो आणि मोठ्या माणसांच्या ढोंगाला शिव्या घालतो. तिथेही वाचकांची अशीच फाळणी झाली. कित्येक शाळांतून ते पुस्तक काढून टाकण्याच्या मागण्या झाल्या, आणि ते शाळांमध्ये शिकवलंही गेलं. 'कोसला' ही त्याचीच मराठी आवृत्ती आहे, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत.

साम्य आहेच. दोघेही स्वतःच सांगतात, दोघांनाही ढोंग सहन होत नाही, दोघांच्याही मनात भावंडाच्या मरणाची जखम आहे. पण फरक बघा. होल्डनचा धाकटा भाऊ गोष्ट सुरू होण्याआधीच गेलेला आहे आणि त्याची लहान बहीण जिवंत आहे. तिच्याकडे बघून तो सावरतो. पांडुरंगची बहीण गोष्ट चालू असताना जाते आणि त्याला सावरायला कुणी उरत नाही. होल्डनच्या पाठीमागे गाव नाही. पांडुरंगच्या मागे शेती, वाडा, बाप, भाऊबंद, सगळ्यांच्या नजरा. होल्डन हरवला तर एका शहरात हरवतो. पांडुरंग हरला तर सगळ्या गावाला कळतं. ज्या पोरानं नापास होऊन एस.टी.तून उतरून भरदिवसा गावातून घरापर्यंत चालत जाण्याचा अनुभव घेतलाय, त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. एक ठिणगी बाहेरून आली असेल, सरपण आपलं होतं.

तिसरा आक्षेप माझ्या दृष्टीनं सर्वांत वजनदार. तो पैशाचा आणि जातीचा आहे. त्याच बैठकीत एक तरुण उठला होता. त्याची आई बिड्या वळायची. तो म्हणाला, "सर, बापाचा पैसा उडवून उदास होणाऱ्या पोराची गोष्ट आमी काहून वाचाची? आमाले उदास व्हाले टाइम कुठी होता?" सभेत कुणी काही बोललं नाही. कारण याला पटकन देता येईल असं उत्तर नाही.

1963 सालातच बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. दोन पुस्तकं, एकच साल. एका पुस्तकातला तरुण म्हणतो, या जगात मला काही अर्थ दिसत नाही. दुसऱ्यातल्या माणसाला जगायला एक खोली हवी आहे आणि ती मिळवण्यासाठी जात लपवावी लागते. त्याच्याही तीन वर्षं आधी, 1960 मध्ये, आपल्या विदर्भातल्या उद्धव शेळक्यांची 'धग' आली. तिच्यातली कौतिक नवऱ्याच्या नाकर्तेपणाशी आणि दारिद्र्याशी झुंजत पोरांसाठी राबते. कौतिकच्या घरात पांडुरंगसारखा पोरगा झाला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. त्याच्या कर्जाचे पैसे कुणी फेडले असते?

भंडाऱ्यात हा प्रश्न जास्त टोचतो. 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर याच भंडाऱ्यातून उभे राहिले आणि हरले. दोन वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 ला, आपल्याच शेजारी नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या जिल्ह्यातली हजारो माणसं त्या मार्गानं गेली. 'शिका' हा शब्द त्या घरांत देव्हाऱ्याच्या जागी होता. त्या घरातला पोरगा हॉस्टेलात राहून 'शिक्षणात काही अर्थ नाही' असं म्हणू शकत नव्हता. त्याच्या शिकण्यावर आईबापाचंच नाही, सगळ्या वस्तीचं देणं होतं. कंटाळा येणं ही सुद्धा एक मिळकत आहे आणि ती वारसानं मिळते, हे त्या तरुणानं आम्हाला शिकवलं. 'कोसला'ची स्तुती करणाऱ्या बहुतेक लेखांत ही गोष्ट येत नाही. यायला हवी.

तरी कादंबरीच्या बाजूनं एवढं सांगतो. पांडुरंग श्रीमंत शेतकऱ्याचा मुलगा आहे हे कादंबरी लपवत नाही. बाप पाठवतो त्या पैशावर आपण जगतो, हे त्याच्या डोक्यातून कधी जात नाही. बापाशी त्याचं जमत नाही ते याच पैशापायी. तो हिशेब चुकवतो, पण हिशेब विसरत नाही. ज्याच्याकडे होतं त्याचीही शिक्षणानं ही गत केली, तर ज्याच्याकडे नव्हतं त्याची काय केली असेल, असाही हा आक्षेप उलटा करून वाचता येतो. बिडीवाल्या आईच्या त्या मुलाला हे पटलं नाही. त्याचं न पटणं मला बरोबर वाटतं.

चौथा आक्षेप बायांचा. हा उशिरा आला, कारण त्यांना विचारलंच उशिरा. हॉस्टेल मुलांचं, मेस मुलांची, रात्रीची भटकंती मुलांची. मुलीनं हे पुस्तक वाचायचं तर कुणाच्या जागी उभं राहून? एका बाईंनी मला जे सांगितलं ते मी कुठल्या समीक्षेत वाचलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही सगळे पांडुरंग मोठा झाला की नाही यावर भांडता. मनीला मोठं व्हायलाच मिळालं नाही, त्याचं काय?"

हे वाक्य ऐकल्यापासून मी कादंबरी वेगळी वाचतो. मनी गेली ती देवीनं. देवीची लस जगात दीडशे वर्षांपेक्षा जास्त काळ होती. केंद्र सरकारनं देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1962 मध्ये सुरू केला, आणि भारतातला शेवटचा रुग्ण 1975 मध्ये सापडला. म्हणजे टाळता येण्यासारखं मरण. मुलाला पुण्याला ठेवायला पैसा आहे अशा घरातली मुलगी त्या मरणानं जाते. घर गरीब नव्हतं. कुणी दुष्टही नव्हतं. फक्त घरातलं कोण जपायचं याचा क्रम न बोलता ठरलेला होता. पांडुरंगला याची चीड येते, म्हणूनच मनीच्या मरणाची पानं या पुस्तकाचं काळीज आहेत. ज्यांना बाकी कादंबरी आवडत नाही तेही त्या पानांपाशी थांबतात, हे मी पाहिलंय. विभावरी शिरूरकरांनी 1933 मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' लिहून शिकलेल्या मुलींची घुसमट मांडली तेव्हा केवढा गहजब झाला होता. तीस वर्षांनी मुलाच्या घुसमटीची कादंबरी आली. ती गाजली तेव्हा तिला बंडखोर म्हटलं गेलं. मुलीच्या घुसमटीला आपण बंड म्हणालो नव्हतो, बदनामी म्हणालो होतो.

हे झाले चार आक्षेप. आता बदललेल्या काळाबद्दल.

नेमाडे बंडखोर म्हणून आले. लेखकाचा लेखकराव होतो तो का, असा जाब त्यांनी तरुणपणी आपल्याच जमातीला विचारला होता. 1990 चा साहित्य अकादमी, 2011 ची पद्मश्री, आणि 2014 साठीचं ज्ञानपीठ, असा प्रवास झाला. यात वाईट काही नाही. पण 'कोसला'चं एक विचित्र झालं. परीक्षेला विटलेल्या पोराची कादंबरी परीक्षेत आली. 'पांडुरंग सांगवीकरचे व्यक्तिचित्रण करा, गुण 10.' बाजारात गाईड मिळतं. आजच्या कित्येक मुलांची या पुस्तकाशी पहिली भेट गाईडमधून होते, आणि मग ती म्हणतात, बोअर आहे. त्यांना दोष देता येत नाही. उकळलेल्या कोशातून पाखरू कसं निघणार?

आणि इथेच मला आपल्या जिल्ह्याचं बोलायचं आहे.

आपल्या तालुक्यांतून दरवर्षी मुलंमुली नागपूरला, पुण्याला जातात. आता कॉलेजपेक्षा अभ्यासिकेत जातात. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, बँक. घरच्यांनी धान विकून, कुणी सोनं ठेवून पैसे पाठवलेले असतात. जागा थोड्या, मुलं फार, त्यामुळे बहुतेकांना परत यावं लागतं. चार वर्षं, सहा वर्षं घालवून पोरगा 28 व्या वर्षी गावात उतरतो, आणि आपण त्याला पहिला प्रश्न काय विचारतो? "काय मग, झालं का काही?" पारावर, चक्कीवर, लग्नाच्या मांडवात, मंडईच्या गर्दीत, सगळीकडे तोच प्रश्न. तो उन्हाळ्यात लग्नाला जाणं बंद करतो. मग दिवसा बाहेर पडणं बंद करतो. मुलगी असेल तर प्रश्नही विचारत नाहीत, सरळ स्थळ बघायला लागतात.

पांडुरंग सांगवीकर 1963 मध्ये परत आला तेव्हा तो गावात एकटा होता. आज प्रत्येक गावात पाचदहा पांडुरंग आहेत. फरक इतकाच की त्यांच्यातल्या बहुतेकांचा बाप खाऊनपिऊन सुखी शेतकरी नाही. म्हणजे तिसऱ्या आक्षेपातला तरुण आणि कादंबरीतला तरुण आता एकाच अभ्यासिकेतून, एकाच बसनं परत येतायत. 60 वर्षांपूर्वी ही दोन वेगळी पुस्तकं होती. आता ती एकाच घरात घडतायत.

म्हणून 'कोसला' चांगली की वाईट, या वादात मला कुठलाही एक गट पूर्ण बरोबर वाटत नाही. "माझ्यावरच लिहिलंय" म्हणणाऱ्यांना मी म्हणतो, बाबांनो, शेजारी 'धग' आणि बागुलांची पुस्तकं ठेवून वाचा. म्हणजे आपलं दुःख केवढं आणि त्याचा खर्च कुणी उचलला ते कळेल. "यात आहे काय?" म्हणणाऱ्यांना म्हणतो, घरात परत आलेला मुलगा असेल तर एकदा वाचाच. तो जेवताना गप्प का असतो, हे तो तुम्हाला सांगणार नाही. ही कादंबरी थोडंफार सांगेल.

आता कोशाचं गणित. समाजाला धागा लागतो. नोकऱ्या लागतात, पगार लागतो, घर चालावं लागतं. आईबापानं पोराकडून धाग्याची अपेक्षा ठेवली तर त्यात चूक काय? ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत आहे त्याला पाखराचं कौतुक सांगणं हा माज आहे. पण सगळेच कोसे उकळत्या पाण्यात टाकणारा गाव दुसऱ्या वर्षी काय करणार? काही मुलं जरा भटकणारी, उशिरा ठरवणारी, परत येऊन शेतात, दंडारीत, ग्रामपंचायतीत, शाळेत काहीतरी वेगळं करून बघणारी लागतात. ती बियाण्याची असतात. नेमाडेच बघा ना. पदव्या त्यांनी घेतल्या, नोकरीही केली, पण 25 व्या वर्षी त्यांना कुणी "झालं का काही?" विचारलं असतं तर दाखवायला एक पुस्तकच होतं. आणि ज्यांचं पुस्तकही होणार नाही, ज्ञानपीठ तर सोडाच, त्या पोरांनाही माणूस म्हणून परत येण्याचा हक्क आहे.

दोन साध्या सूचना करतो. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. आपल्या तालुक्यातल्या, गावातल्या वाचनालयात एकदा जाऊन बघा. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांची कपाटं भरलेली असतील, असू द्या, लागतात ती. पण त्यांच्याशेजारी 'कोसला', 'धग' आणि 'जेव्हा मी जात चोरली होती' यांची एकेक प्रत आहे का? नसेल तर वाचनालयाच्या कार्यकारिणीला सांगा, किंवा दोघातिघांनी मिळून भेट द्या. अभ्यासिकेत बसलेल्या पोरानं कंटाळून हात लांब केला तर त्याच्या हाताला दुसरं काहीतरी लागलं पाहिजे.

दुसरी सूचना फुकटची आहे. या दिवाळीत, मंडईत, परत आलेला कुणाचाही पोरगा किंवा पोरगी भेटली तर "झालं का काही?" विचारू नका. "कसा आहेस?" विचारा. आणि उत्तर ऐकायला थांबा.

ज्यांनी 'कोसला' वाचलीय आणि ज्यांना ती अजिबात आवडली नाही, त्यांनी जरूर लिहा. काहून नाही आवडली तेही लिहा. आवडणाऱ्यांचं बोलणं आपण 60 वर्षं ऐकतोय.